खिंडीखालचा पांढरा उतार

उज्ज्वलाने स्की पहिल्यांदा पायांत चढवल्या त्या आमच्या मलकपेठच्या गच्चीवर, भर उन्हात. अशा लांब, टोकाला वळलेल्या फळ्या पायांना बांधून माणसं बर्फावरून घसरत जातात, हे तोवर आम्ही घरात नव्याने आलेल्या केबलवरच पाहिलं होतं. उज्ज्वला माझी नणंद. तिच्या कॉम्प्युटर कंपनीने तिला युरोपला पाठवलं, आणि येताना ती ही जोडी घेऊन आली. आता तिला गढवालमधल्या एका उंच खिंडीवरून घसरत खाली यायचं होतं. सासूबाईंनी एकच अट घातली.

"एकटी नक्को. वहिनीला घेऊन जा."

मी नारायणगुड्याला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते. गिर्यारोहणाचा प्राथमिक कोर्स आम्ही दोघींनी मिळून केला होता, त्यामुळे नाही म्हणायला सबब उरली नव्हती. उज्ज्वलाच्या ऑफिसातला वेंकट तिसरा. सिकंदराबादहून गाडी सुटली तेव्हा त्याच्या आईने दिलेला सकिनालूंचा (तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली कडी) डबा आमच्या मांडीवर होता आणि स्की वरच्या बर्थवर झोपल्या होत्या.

ऋषिकेशपासून पुढची बस नदीच्या काठाने चढत गेली. एका वळणावर दरड कोसळली होती. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं आणि रिकामी बस त्या मातीवरून पलीकडे नेली. आम्ही मागून चालत गेलो.

शेवटच्या गावात आमचा वाटाड्या दिवानसिंग भेटला. त्याच्या घरी मंडुआची (नाचणीची) भाकरी आणि घट्ट डाळ खाऊन आम्ही चालू लागलो. वर बुग्याल (उंचावरची कुरणं) लागले. फुलं, मेंढ्या, ढगांच्या सावल्या. उज्ज्वला सर्वांत पुढे, गाणं गुणगुणत. त्यानंतर हिरवं संपलं. खिंडीखालचा मोठा उतार आम्ही जुन्या, टणक बर्फावरून सहज चढलो आणि त्याच्या माथ्याशी, खडकांच्या आडोशाला तंबू ठोकले. उंची सतरा हजार फुटांच्या आसपास. बुटाची नाडी बांधली तरी धाप लागायची.

दुसरा दिवसभर नवा बर्फ पडत राहिला. उज्ज्वला खोकत होती. थंडीचा खोकला असेल, असं सगळेच म्हणालो.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. उज्ज्वला डावा बूट उजव्या पायात घालायला धडपडत होती.

"वहिनी, हा बूट कुणाचा गं?"

मी हसले. मग तिची नखं पाहिली. निळी पडली होती. तिच्या पाठीला कान लावला, तर आत कुणी हुक्का ओढावा तशी गुडगुड चालली होती. ती बर्फावर थुंकली. थुंकी गुलाबी होती.

दिवानसिंगला हाक मारली. त्याने बघताक्षणी तोंड फिरवलं. "पानी भर गया फेफड़ों में. नीचे ले जाना पड़ेगा."

"मग चला!"

"कैसे? उस ढलान पर ताज़ा बर्फ है, ऊपर से धूप. आज वो टिकेगा नहीं. कल सुबह जमेगा, तब चलेंगे."

"उद्या सकाळपर्यंत ही राहील?"

तो दोर उलगडू लागला.

तिच्याच स्की एकमेकींना बांधून, वर चटई घालून आम्ही घसरगाडी केली. उज्ज्वलाला झोपण्याच्या पिशवीत गुंडाळून त्यावर जखडलं. पुढे दिवानसिंग, मागे दोर धरून मी. वेंकटने खडकांपाशी थांबायचं आणि आम्ही उतार तिरका ओलांडून पलीकडे पोचलो आणि हात केला की एकट्याने यायचं. बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

मध्यावर पोचलो आणि पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला, जणू कुणी जाडजूड माणूस गादीवर बसला. माझ्या बुटापासून वर केसाएवढी चीर धावत गेली. मी जागीच थिजले. दिवानसिंगने मागे न बघता दोराला हिसका दिला. उज्ज्वला कुणाशी तरी बोलत होती, शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीशी. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, आठवलंच नाही.

पलीकडे पोचलो. हात केला. वेंकट निघाला, अर्ध्यावर आला, आणि अख्खा उतार हलला. त्याचं लाल जाकीट क्षणभर वर दिसलं आणि नाहीसं झालं.

आवाज थांबल्यावर जी शांतता पसरली, तिच्याइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही.

उज्ज्वलाला खडकाला बांधून आम्ही खाली धावलो. कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट झाला होता. एक हातमोजा वर आलेला दिसला. आत हात होता. दिवानसिंग कुऱ्हाडीने आणि मी जेवणाच्या ताटलीने खणत सुटलो. चेहरा लागला तेव्हा तो काळानिळा होता. तोंडात बर्फ ठासला होता. मी बोटांनी तो उपसला. काही नाही. पुन्हा उपसला. मग तो खोकला आणि म्हणाला, "अम्मा."

खांद्याचं हाड मोडलं होतं, तरी तो चालला. जसजसे खाली उतरत गेलो तसतशी उज्ज्वलाच्या छातीतली गुडगुड कमी होत गेली. धनगरांच्या झोपड्यांपाशी तिने मला ओळखून 'वहिनी' म्हटलं, आणि तेव्हा कुठे मी रडले. पुढे खालच्या गावातल्या दवाखान्यात दोघांनाही ठेवून घेतलं.

पुन्हा जाणार का, असं आता सगळे विचारतात. बुग्याल बघायला जाईन. त्याहून वर नाही. मी भित्री आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. तिथे सर्वांत धडधाकट बाईला तिचाच श्वास बुडवू लागला होता, आणि मी ते कानाने ऐकलं आहे.

घरी आल्यावर रविवारी वेंकट हिमायतनगरहून आईला घेऊन भेटायला आला. हात गळ्यात बांधलेला. शेजारच्या खाला, म्हणजे मावशी, त्याही आल्या. वेंकट रंगवून रंगवून सांगत होता, सगळे हसत होते.

"डर नै लगा रे तुम लोगां को?" खालांनी विचारलं.

"डर कायका, खाला!" वेंकट म्हणाला.

"लगा, खाला," उज्ज्वला म्हणाली. "बहोत लगा."

हसणं थांबलं. मग वेंकट हळू आवाजात म्हणाला, "बर्फ के अंदर मैं चिल्लाया, खाला. पूरा जोर लगाके चिल्लाया. मेरा आवाज मेरेकुच सुनाई नै दिया."

हे त्याने आम्हालाही सांगितलं नव्हतं. त्याची आई उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.