बिनवासाचा शर्ट

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासऱ्यांची आणि माझी पहिली ओळख नाकाने झाली. संध्याकाळी ते गल्लीच्या कोपऱ्यावर वळले की मला घरात कळायचं. मी नाक मुरडायची, सासूबाई मात्र मागच्या दाराशी बादली आणि साबण घेऊन तयार असायच्या. शर्ट हातात घेऊन एकदाच हुंगायच्या आणि सांगायच्या, "आज रंग." नाहीतर, "आज गोंद. खांदे दुखत असतील." मागच्या अंगणात अंघोळ झाल्याशिवाय सासऱ्यांना स्वतःच्या घरात प्रवेश नसे.

ते रिकामी पिंपं धुवायचे. रंगाची, तेलाची, गोंदाची मोठाली लोखंडी पिंपं कारखान्यांतून त्यांच्याकडे येत आणि आतून स्वच्छ होऊन पुन्हा भरायला परत जात. पिंपात सोड्याचं कढत पाणी ओतायचं, एक लांब साखळी सोडायची, झाकण घट्ट बसवायचं आणि पिंप आडवं पाडून पायाने पुढे-मागे लोळवायचं. आतली साखळी चिकटलेली पुटं खरवडून काढते. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. उजवा पाय इतका सरावला होता की जेवताना, पेपर वाचतानासुद्धा टेबलाखाली तो पुढे-मागे चालूच. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर चिडलेत. सासूबाई म्हणायच्या, "चिडलेले नाहीत गं, लोळवतायत."

मग त्यांच्या कामाच्या जागी यंत्र आलं. पहिल्या दिवशी सासरे जेवताना सांगू लागले. "पिंप पट्ट्यावर ठेवलं की आपोआप पालथं होतं. खालून नळी आत शिरते आणि गरगर फिरत गरम पाण्याचे फवारे मारते. बाहेरून ब्रश घासतात. मग गरम हवा. शेवटी कॅमेरा आत डोकावतो आणि हिरवा दिवा लागतो."

"आणि तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"मी सगळ्यांत जुना ना, म्हणून मला काचेची खोली दिलीय. तीन बटणं आहेत. सकाळी हिरवं दाबायचं, संध्याकाळी पिवळं. काही झालं तर लाल."

"काय झालं तर?"

सासऱ्यांनी घास हातात धरून बराच वेळ विचार केला. "ते अजून झालेलं नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून शर्टाला वास येईना. सासूबाई कॉलर हुंगायच्या, बाह्या हुंगायच्या, शर्ट उलटा करून पुन्हा हुंगायच्या. "अहो, गेला होतात ना कामावर?" "गेलो होतो की." पण त्या 'की'मध्ये काही दम नव्हता. डबा अर्धा परत येऊ लागला, कारण भूकच लागत नव्हती. दमलेले नसल्यामुळे झोप येईना. आणि एक दिवस सासूबाई माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या, चेहरा पांढराफटक. "अगं, पाय थांबलाय ह्यांचा."

पलीकडच्या घरातला ड्रायव्हर नोकरी गेल्यावर रोज डबा घेऊन बागेत बसायला जायचा, आणि घरी कित्येक दिवस कुणाला पत्ता नव्हता. ते सासूबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी म्हटलं, "आई, पगार येतोय ना?" तर म्हणाल्या, "साठवलेले पैसे काढून आणत असतील." मी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये ओढू नका." या घरातले पुरुष असे कामाचे!

आणि मग एका संध्याकाळी मागच्या दाराशी पुन्हा वास आला. चांगला सणसणीत, डोळ्यांत झोंबणारा. सासूबाईंनी शर्ट हुंगला. "आज वार्निश," त्या म्हणाल्या आणि लगबगीने चहा ठेवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी वार्निश. तिसऱ्या दिवशीही वार्निश. मला बरं वाटलं, पण शर्ट पिळताना माझ्या लक्षात आलं की डाग फक्त पुढच्या बाजूला आहेत, आणि बाह्यांवर अगदी बेताने, अत्तर लावावं तसे.

मी पाळत ठेवली. सासरे आले, मागच्या भिंतीआड वळले आणि जिन्याखालचा डबा उघडू लागले. दाराला लावून उरलेलं वार्निश होतं ते. चिंधी बुडवून ते छातीवर, बाह्यांवर फिरवत होते. मला बघून हात तिथेच थांबला.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "वास आला की तिला पटतं."

"पण बाबा, तुम्ही खरंच कामावर जाता ना?"

"जातो गं! पण मी तिथे काय करतो ते मलाच कळत नाही. दिवसभर काही झालं नाही, तर म्हणतात उत्तम काम केलंत. मी काय केलं? हातावर हात धरून बसलो. आता हे तिला कसं सांगू?"

मी चिंधी त्यांच्या हातातून घेतली आणि डब्याचं झाकण लावलं.

रात्री भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "ते दाराचं वार्निश आहे. पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"नोकरी गेलेल्या माणसाला घरात तरी मान खाली घालायला लावू नये," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

माझं डोकं चक्रावून गेलं. खरोखर कामावर जाणारा माणूस खोटा वास लावून येतोय, आणि तो वास खोटा आहे हे ओळखणारी बाई चहा ठेवतेय. दोघंही एकमेकांना जपतायत आणि दोघंही आतून कुढतायत. मी म्हटलं, "आई, ते जातात कामावर, मला सांगितलंय त्यांनी." "तुला सांगितलं आणि तू मान डोलावलीस," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता. मी तरी कुठे डोळ्यांनी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना हाताला धरून सासऱ्यांच्या कामाच्या जागी नेलं. कुंपणाच्या जाळीतून आतलं सगळं दिसत होतं. पिंपं एकामागून एक सरकत होती, पालथी होत होती, वाफ सोडत होती. पलीकडे काचेची खोली. खोलीत सासरे, स्वच्छ शर्टात, खुर्चीवर ताठ बसलेले. एकही बटण दाबत नव्हते. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की इथे आणायलाच नको होतं असं झालं.

सासूबाई जाळीला नाक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "पाय बघ," त्या म्हणाल्या. "पाय बघ ह्यांचा."

खुर्चीखाली उजवा पाय पुढे-मागे चालला होता. पट्ट्यावरून पिंप जाईपर्यंत चालायचा, हिरवा दिवा लागला की थांबायचा. पुढचं पिंप आलं की पुन्हा सुरू.

"कामावर आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच परत फिरल्या.

संध्याकाळी मागच्या भिंतीआडूनच वास आला. त्या दिवशी डब्यात जरा जास्तच चिंधी बुडाली असावी, कारण आत पाणी पीत असलेल्या मला ठसका लागला. सासूबाई मागच्या दारात गेल्या. बादली नाही, साबण नाही. त्यांनी सासऱ्यांची बाही धरून नाकाजवळ नेली.

"आज कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या. "दमला असाल. आत या, अंघोळ मागून करा."

सासरे बघतच राहिले. त्यांनी स्वतःची बाही हुंगली. पुन्हा हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मलाही नाही आला, बाबा," मी डोळे पुसत म्हटलं.

बिनअंघोळीचं आत ये, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर गोंधळून उभे राहिले. आधी कोणता पाय टाकावा, हेही त्यांना कळेना. शेवटी त्यांनी उजवा टाकला.