पोहता न येणारा नावाडी

पर्यटकांना होडीतून दीपस्तंभ दाखवणाऱ्या नावाड्याला पोहता येत नव्हतं. हे फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं. एकदा धक्क्यावर दोर फेकताना तोल जाऊन तो धपकन पाण्यात पडला. गंमत करतोय असं वाटून सगळे हसले. सुट्टीवर आलेल्या एका शिक्षिकेने मात्र उडी मारली आणि त्याला मानगूट धरून वर काढलं.

"तुम्हाला पोहता येत नाही?"

"आजवर गरज पडली नव्हती," तो खोकत म्हणाला.

तिचा दीपस्तंभ राहिला, तळलेले मासेही राहिले. सगळी सुट्टी त्याला पोहायला शिकवण्यात गेली.

पुढच्या सुट्टीत ती थेट त्याच्या घरी आली.

"आता काय शिकवणार, बाई?" आईने विचारलं.

"काही नाही. लग्नाचं विचारायला आलेय."

"त्याला काय विचारायचंय?" आई म्हणाली. "घेऊन जा."