एव्हरिल माउंटफर्डने ‘हो’ म्हटलं नाही

फेब्रुवारी संपत आला होता. एव्हरिल माउंटफर्ड इंग्लंडमधल्या बर्स्लम गावात आपल्या स्वयंपाकघरात ओटच्या धिरड्यांवर चीज पसरत होती, तेवढ्यात तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याने, बिस्टोने, झग्याचं टोक ओढलं. टपाल आलं की त्याचं हे काम ठरलेलं. दाराशी कंपनीचा पांढरा लिफाफा पडला होता.

पत्राची भाषा मोठी गोड होती. आणखी चांगली सेवा देता यावी म्हणून एप्रिलपासून टीव्ही आणि इंटरनेटचं बिल वाढवत आहोत, म्हणे. एव्हरिलने ते दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमधून जुलैतला कागद काढला. करार अठरा महिन्यांचा होता आणि त्यातले जेमतेम सात झाले होते. दारावर आलेल्या विक्रेत्याने तेव्हा तिच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अठरा महिने हाच दर.’ खाली त्याची सही.

वाढ काही जीव काढणारी नव्हती. आठवड्यातून एकदा बाजारात चहा-केक घ्यायची तो सोडला असता तरी भागलं असतं. पण ठरलेल्या सौद्यात एकाने मधेच हात घालायचा आणि दुसऱ्याने निमूट मान डोलवायची, हे तिला पटेना. चाळीस वर्षं तिने कपबशांच्या कारखान्यात कडांना सोन्याची रेघ मारली होती. डझनाचा दर ठरला की ठरला. एकदा मुकादमाने तो मधेच कमी करायला घेतला, तर ही ब्रश खाली ठेवून दुपारभर गप्प बसून राहिली होती.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाट होती. वाढ मान्य नसेल तर तीस दिवसांच्या आत दंड न भरता करार सोडता येईल. त्यासाठी खालच्या क्रमांकावर फोन करावा.

एव्हरिल चार वर्षांची असताना मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले होते. आता ती एकोणसत्तर वर्षांची होती.

तिने त्याच दिवशी रजिस्टर्ड पत्र पाठवलं. मी बहिरी आहे, फोन करू शकत नाही, मला करार सोडायचा आहे, हे पत्र म्हणजेच माझी सूचना समजा. नऊ दिवसांनी उत्तर आलं: आपल्या विनंतीवर कार्यवाही करण्यासाठी कृपया फोन करा. मग तिने कंपनीच्या साइटवर टाइप करून बोलायचा प्रयत्न केला. पलीकडचं माणूस भलतंच उत्साही होतं, ‘हाय एव्हरिल!’ अशी सुरुवात करून पंचवीस मिनिटांनी त्याने फोन करायला सांगितलं.

‘मी बहिरी आहे,’ तिने टाइप केलं.

‘हे ऐकून वाईट वाटलं. कृपया फोन करा.’

बहिऱ्यांसाठी एक सोय आहे. आपण टाइप करायचं, मधला माणूस ते फोनवर वाचून दाखवतो आणि पलीकडचं बोलणं टाइप करून आपल्याला पाठवतो. एव्हरिलने तीही वापरली. दोनदा कंपनीतल्या माणसाला वाटलं की हा कुणीतरी भामटा आहे, आणि त्याने फोन आपटला. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं ‘संगीत वाजत आहे’ एवढंच पडद्यावर येत राहिलं आणि मग लाइन तुटली.

रविवारी तिची भाची केरी जेवायला आली. केरी दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची, दिवसभर फोनवरच असायची. खुणांची भाषा ती मावशीच्या मांडीवरच शिकली होती, पण घाईत असली की अर्ध्या खुणा गिळायची. सगळा पसारा पाहून तिने सरळ मोबाइल काढला.

“दे तो क्रमांक. मीच एव्हरिल म्हणून सांगते. दोन मिनिटांत विषय संपेल.”

“तू एव्हरिल नाहीस.”

“त्यांना काय कळतंय, मावशी?”

“मला कळतंय ना.”

केरी चिडली. बँकेत मीच बोलते, डॉक्टरकडे मीच बोलते, तेव्हा चालतं. मग आता हे सोवळं कशाला, असं तिचं म्हणणं. एव्हरिलच्या मनात नेमकं तेच साचलं होतं. मागच्या महिन्यात गुडघा दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरने समोर बसलेल्या तिला सोडून केरीला विचारलं होतं, ‘यांना रात्री दुखतं का?’ आईच्या अंत्यविधीच्या वेळीही पाद्री तिच्याशी न बोलता तिच्या डोक्यावरून बोलला होता. जन्मभर कुणी ना कुणी तिच्या वतीने ‘हो’ म्हणत आलं होतं. निदान स्वतःच्या टीव्हीचा करार तरी आपला आपण मोडायचा होता.

“तुझ्या हट्टापायी माझे रविवार जातात,” केरी म्हणाली. या वेळी तिने एकही खूण गिळली नाही. ती जेवण अर्धं टाकून गेली, आणि पुढच्या रविवारी आलीच नाही.

तो रविवार एव्हरिलला फार जड गेला. त्यातून इंटरनेट तिच्यासाठी नुसती करमणूक नव्हती. दर रविवारी चारला ती शाळेतल्या मैत्रिणीशी, डंडीत राहणाऱ्या नोरीनशी, पडद्यावर हातांनी तासभर गप्पा मारायची. करार सोडला की आधी ते बंद होणार होतं. दुसऱ्या कंपनीने बारा दिवसांनी नवी लाइन देऊ म्हटलं होतं, आणि त्यांचेही बारा म्हणजे किती हे कोण सांगणार.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बहिऱ्यांचा क्लब भरायचा. एव्हरिल पत्र घेऊन गेली. पाहते तो आणखी सात जणांच्या खिशात तसंच पत्र. सात जणांनी या ना त्या वाटेने प्रयत्न केला होता आणि फोनपाशी येऊन हात टेकले होते. एक बाई तर नको असलेल्या खेळांच्या वाहिन्यांचे पैसे तीन वर्षं भरत होती, कारण त्या बंद करायला फोन लागतो. त्या संध्याकाळी क्लबने कंपनीला खुणांमधलं नाव ठेवलं: एक हात छातीवर ठेवून अदबीने मान लववायची, आणि दुसरा हात हळूच शेजाऱ्याच्या खिशात घालायचा. हॉलभर हशा पिकला.

फक्त सिरिल हसला नाही, आणि पत्र तर त्यालाही आलं होतं. तो कारखान्यात भट्टीवर होता तेव्हापासून सावध माणूस. “भर ते पैसे आणि गप्प बस, बाई,” तो म्हणाला. “आपल्यासारख्यांसाठी ते नियम बदलणार आहेत होय?”

“माझ्यासाठी बदलू नकोत. त्यांनीच लिहिलेला नियम त्यांनी पाळावा.”

सत्ताविसाव्या दिवशी, सोमवारी, एव्हरिलने टीव्हीचा बॉक्स आणि राउटर बाजाराच्या चाकांच्या पिशवीत भरले आणि बस धरून जवळचं हॅन्ली शहर गाठलं. कंपनीचं दुकान नुकतंच उघडलं होतं. काउंटरवर तिने वही ठेवली: ‘मी बहिरी आहे. मला करार सोडायचा आहे. सामान आणलं आहे.’ काउंटरमागच्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने लिहिलं की दुकानात फक्त नवे करार होतात. सोडायचे असतील तर फोन.

एव्हरिलने काउंटरजवळची खुर्ची ओढली, पिशवी पायाशी घेतली आणि बसली.

ती अकरापर्यंत बसली. गिऱ्हाइकं येत होती, तिला वळसा घालून जात होती. शेवटी आतून दुकानाची मॅनेजर आली, ट्रीना नावाची, पंचेचाळिशीची, डोळ्यांखाली काळं साठलेली. तिने उभ्या उभ्या पत्रव्यवहार वाचला, मग खुर्ची घेऊन बसून पुन्हा वाचला. मग तिने स्वतःच कंपनीला फोन लावला. एव्हरिल तिच्या ओठांकडे पाहत होती. ओळख, पत्ता, जन्मतारीख, सगळं ट्रीना वहीतून वाचून सांगत गेली. मग ती थबकली आणि तिने लिहिलं:

‘सगळं झालं. फक्त तुमच्या आवाजात “हो” हवंय. नियम आहे. एकच शब्द.’ आणि तिने फोन एव्हरिलपुढे धरला.

एव्हरिलला आवाज होता. निवासी शाळेत तिला सात वर्षं बोलायला शिकवलं होतं. हात मांडीखाली दाबून बसायचं, खूण केली की पट्टी. बाईंच्या गळ्यावर बोटं ठेवून थरथर ओळखायची आणि आपल्या गळ्यातून तशीच काढायची. ‘हो’ हा पहिल्या पाच शब्दांतला एक. सोळाव्या वर्षी बसमध्ये तिने मोठ्याने तिकीट मागितलं आणि मागच्या बाकावरच्या मुलींनी तिची नक्कल केली. तिला ती ऐकू आली नाही, काचेत दिसली. त्यानंतर तिने परक्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं. तिचा नवरा आयव्हर बहिराच होता, त्याला आवाजाची गरज नव्हती. आवाज उरला तो बिस्टोला हाक मारायला, आणि केरी लहानपणी रस्त्यावर धावली तर तिला थांबवायला.

आता म्हणाली असती तर काम झालं असतं. ट्रीनाच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, उलट काकुळतीच होती. एव्हरिलचा गळा क्षणभर हललाही. मग तिने पेन उचललं.

‘मला आवाज आहे. तो मी यांना देणार नाही. माझी सही घ्या.’

ट्रीनाने ते वाचलं. मग फोनमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडून काय आलं ते एव्हरिलला ट्रीनाच्या तोंडावरूनच कळलं. सिस्टीममध्ये सहीसाठी जागा नव्हती.

ट्रीनाने फोन ठेवला. मग तिने दुकानाच्या नावाचा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं की या ग्राहकाने आज करार सोडल्याची लेखी सूचना दिली, त्याआधी रजिस्टर्ड पत्रानेही दिली होती, आणि सामान परत केलं. तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. खाली पेन्सिलने, फक्त एव्हरिलला दिसेल असं, तिने लिहिलं: ‘मला हे करायची परवानगी नाही. कुणाला सांगू नका.’

एव्हरिलने ते खोडरबराने स्वतः पुसलं. आणि मग लिहिलं: ‘उद्या आणखी काही जण येतील. बाकी मी काही सांगणार नाही.’

ट्रीना पहिल्यांदा हसली.

मंगळवारी सहा जण आले, प्रत्येकाच्या हातात बॉक्स. एव्हरिल सोबत होतीच. बहिरी माणसं म्हणजे शांतता, असा लोकांचा समज. पण लक्ष वेधायला फरशीवर पाय आपटणारी आणि मोकळ्या गळ्याने हसणारी सात माणसं एका दुकानात शिरली की काय होतं ते हॅन्लीने त्या दिवशी पाहिलं. ट्रीनाने सहाही पावत्या लिहिल्या. आठवड्याच्या शेवटी तिला वरून ताकीद आली.

कंपनी मात्र बधली नाही. एप्रिलमध्ये एव्हरिलला वाढीव बिल आलं, मेमध्ये मुदतीआधी करार मोडल्याचा दंड, आणि मग वसुलीवाल्यांचं लाल अक्षरांचं पत्र. नवी लाइन बाराऐवजी एकेचाळीस दिवसांनी आली. तोवर ती नोरीनशी वाचनालयातल्या संगणकावर बोलायची, अर्धाच तास. मागे रांगेतली पोरं तिच्या हातांकडे टक लावून पाहायची. तिने पाहू दिलं.

लाल पत्र मिळालं त्या दिवशी तिला खरंच भीती वाटली. तिने केरीला संदेश पाठवला, ‘ये.’ केरी दवाखान्याच्या कपड्यांतच आली. दोघींनी मागचं काही काढलं नाही. कंपन्या आणि ग्राहकांचे तंटे सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे तक्रार करायची होती, आणि तो अर्ज लेखी चालत होता. एव्हरिल खुणांनी सांगेल तसं टाइप करायला केरी बसली. पहिल्याच ओळीत तिने ‘माझ्या मावशीला’ असं लिहिलं. एव्हरिलने तिच्या हातावर टिचकी मारली. केरीने ते खोडलं आणि ‘मी’ लिहिलं.

जूनमध्ये निकाल लागला. करार एव्हरिलच्या पहिल्या पत्राच्या तारखेलाच संपला, असं ठरलं. वाढ रद्द, दंड रद्द, वसुली मागे. करार लिहून सोडायची सोय कंपनीने करावी, असंही त्यात होतं. आणि माफी. त्यासाठी कंपनीचं वेगळं पत्र आलं: आमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना झाल्या प्रकाराबद्दल आपली व्यक्तिशः माफी मागायची आहे, फोनसाठी सोयीची वेळ कळवावी.

केरी हसता हसता भिंतीला टेकली. एव्हरिलने उत्तर पाठवलं की गुरुवारी सात वाजता क्लबमध्ये यावं, खुणांचा दुभाष्या घेऊन यावं आणि त्याचे पैसे स्वतः द्यावेत. कुणी आलं नाही. दोन आठवड्यांनी लेखी माफी आली, पाच ओळींची. ती तिने हॉलच्या फळ्यावर टाचली.

मंगळवारच्या सहाही जणांच्या तक्रारी एकेक करून सुटल्या. राहिला एकटा सिरिल. तो कुंपणावर बसून राहिला होता. दुकानात गेला तो त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, एकतिसाव्या दिवशी. आधी पत्र लिहिलेलं नव्हतं. त्याचा दंड कायम राहिला.

“मी सांगितलं होतं, आपल्यासाठी काही बदलत नाही,” तो क्लबमध्ये म्हणाला.

“तू एक दिवस उशिरा गेलास, म्हणून,” एव्हरिल म्हणाली. “तेही लिहू. उशीर का झाला ते लिहू. तीस दिवस तुला फोनशिवाय दुसरी वाट दिलीच नव्हती, हेही लिहू.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“तर पुन्हा लिहू.”

सिरिलने फळ्यावरच्या पाच ओळी उभ्यानेच वाचल्या. मग चष्मा पुसत येऊन तिच्यासमोर बसला. एव्हरिलने वही त्याच्याकडे सरकवली आणि पेन त्याच्या हातात दिलं.