आबांच्या न्हाणीतला उजेड

"घरमा कमी कोले दखास?"

गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल ठेवलं की दगाआबांचा हा पहिला प्रश्न. घरात कमी कोणाला दिसतं? गिऱ्हाईक बावचळायचं. माणूस आलाय बाथरूममध्ये लाइट बसवायला आणि चौकशी करतोय डोळ्यांची. धुळ्यातल्या एक बाई तर चिडून म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना नीट दिसतं." आबा शांतपणे म्हणाले, "आज दखास, माय."

आम्ही जोडीनं कामं घ्यायचो. बाथरूमच्या छताला प्लास्टिकच्या पट्ट्या मी बसवायचो, त्यांत गोल भोकं पाडून आबा लाइट बसवायचे. भोक पाडण्याआधी खुणेवर कागदी टेप चिकटवायचे, म्हणजे कड तडकत नाही. "लाकूड माफ करस, प्लास्टिक करत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरंच, एक भोक चुकलं की अख्खी पट्टी बदलावी लागते, आणि ती बदलायची पाळी माझ्यावर यायची. छताच्या मधोमध लाइट लावायला त्यांचा ठाम नकार. "माथावर लाइट लावा त माणूस सोतानाच सावलीमा आंघोय करस." गिऱ्हाईक हटूनच बसलं तर आबा हत्यारं पिशवीत भरायला लागायचे आणि मला घाम फुटायचा. फार राग यायचा मला त्यांचा. आता आबा नाहीत, तर त्या रागाचीसुद्धा आठवण येते.

या हट्टाचं मूळ त्यांच्या लेकीत होतं. रत्ना, एकुलती एक, पाचोऱ्याला दिलेली. लहानपणापासून तिला तिन्हीसांजेनंतर कमी दिसायचं. लग्नानंतर ते वाढत गेलं. नजर कमीच होत जाणार, उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबांनी ते ऐकलं, पण मानलं नाही. त्यांच्या मते पोरीचे डोळे ठीक होते, उजेडच कमी पडत होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची, आणि ती यायच्या आधी आबा स्वतःच्या न्हाणीत लाइट वाढवायचे. आई नसलेल्या घरात लेकीला चाचपडावं लागू नये, एवढंच त्यांचं मागणं. शेजारी म्हणायचे, आबांच्या न्हाणीत ऑपरेशनसुद्धा करता येईल. आबाही हसायचे.

त्यांच्या शेवटच्या आखाजीला आम्ही दोघांनी मिळून ते छत पुन्हा नव्यानं केलं. एवढ्याशा न्हाणीत इतका उजेड झाला की मला डोळे बारीक करावे लागले. दुपारी रत्ना आली. हातपाय धुवायला म्हणून भिंतीला हात लावत आत गेली. आबा दाराशी उभे होते, तोंडावरचं हसू त्यांना लपवता येत नव्हतं. रत्ना त्या सगळ्या उजेडात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, लाइट लाव ना."

आबा म्हणाले, "लाइट गयी, बेटा."

बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता. आबांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय न वाजवता जाऊन मेन स्विच खाली केला. पंखा कुरकुरत थांबला.

रत्नाचा हात नळावर तसाच राहिला. पंखा आत्ता थांबला, हे तिनंही ऐकलं होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"लाइट ई जाई, आबा," ती म्हणाली. "माले काय घाई शे?"