भात शिजेस्तोवरची पुस्तकं

सत्तरीत मी भलतीच अल्लड होते. पुस्तक वाचून झालं की टॅबलेटवरून पुसून टाकायचे. वाटायचं, रद्दी गेली, जागा झाली. पण पुस्तकं होती शेजारणीची! ही मूळ नवापूरची, बोईसरला कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. आपला ईबुकांचा साठा तिनं अख्ख्या बिल्डिंगला वापरायला दिलेला. खातं सगळ्यांचं एकच, मी माझ्याकडे पुसलं की तिच्याकडचं आणि अख्ख्या बिल्डिंगकडचंही जाई, हे मला कुठं ठाऊक!

तिची मांडणी कुठल्या ग्रंथालयात सापडायची नाही. ‘भात शिजेस्तोवर’ या कप्प्यात छोट्या कथा, ‘कंपनीची बस’मध्ये प्रवासवर्णनं, ‘सासू झोपल्यावर’मध्ये जाडजूड कादंबऱ्या. नवं पुस्तक आलं की दोन पानं चाखून म्हणायची, “बघू, हे कुठं बसतंय.”

एका रविवारी तिला कप्पे अर्धे रिकामे दिसले. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं! मी चाचरत कबूल केलं. ती टॅबलेटच्या कचरापेटीतून एकेक पुस्तक काढून जागच्या जागी ठेवत बसली. शेवटचं ठेवलं आणि हसली.

“आजी, इतकी पुस्तकं गेली, बिल्डिंगीत कुणाला पत्ता पण नाय. तुमच्याशिवाय वाचतंय कोण हितं?”