कमानीवरची ओळ

जनकाबाई खिल्लारेंची पिठाची गिरणी फाट्यावर आहे, गोरेगावच्या जिपा थांबतात तिथे. नवरा वारल्यावर पट्टा चढवायला आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला ती शिकली आणि रविंद्रला वाढवलं. तो वायुदलात लागला तेव्हा गावानं पेढे खाल्ले आणि तो विमान चालवतो असं ठरवून टाकलं. रविंद्र मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून पॅराशूट लावलेली खोकी खाली सोडायचा. जनकाबाई गिऱ्हाइकांना सांगायची, "डायवर न्हाई. मागं सामान सोडतो."

सीमेवर लढाई पेटली तेव्हा त्याला नव्या पोरांना शिकवायला ठेवलं. सराव वाढला, उड्डाणं वाढली. एका सकाळी त्यांचं विमान धुक्यात डोंगरावर आदळलं. एकही वाचला नाही. सीमा तिथून फार लांब होती.

गाव रडलं, मग गाव बोलायला लागलं. एक दिवस पंचफुलाबाई ज्वारीचा डबा ठेवून म्हणाली, "राग नका धरू जनकाबाई, पण लढाईत गेला असता तर गोष्ट येगळी. सरावात म्हंजे..."

"म्हंजे काय?"

"म्हंजे उगंच गेला ना लेकरू."

जनकाबाईनं गिरणी बंद केली. "डबा उचला."

"अवं, अर्धंच दळण झालंय!"

"अर्धंच न्या."

ही कुजबुज सरपंच पुंजाजीच्या कानावर गेली. माणूस वाईट नाही. रविंद्रला जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला त्यानं फाट्यावर कमान उभी केली. वर रविंद्रचं नाव आणि खाली लाल अक्षरांत: शत्रूशी लढताना शहीद.

जनकाबाईनं ती ओळ वाचली आणि तडक त्याचं घर गाठलं.

"जयभीम, माय. बसा, चहा घ्या."

"चहा ऱ्हाऊ दे. ते खोटं हाय, पुंजाजी."

"लोक बोलून राहिले होते, त्यांची तोंडं बंद केली म्या. तुमच्यासाठीच ना!"

"सराव लिव्ह."

"मग लोक म्हणतील, सरावात गेलेल्याला कमान काहून? लढाई असली तर नाव राहील. न्हाई तर नावच उतरवावं लागंल. बघा तुमी."

घरी सून करुणा म्हणाली, "आई, ऱ्हाऊ द्या. तुमची नात साक्षी वाचायला लागली की बापाचा अभिमान वाटंल तिला."

"अन् मोठी झाल्यावर कोणी खरं सांगितलं तर? बापाची लाज वाटंल तिला. ज्याची लाज न्हाई ते लपवायचं काहून? सरावात मेला म्हणून काय कमी मेला का तो? त्याच्यासंगं गेलेली पोरं काय खेळायला गेली होती?"

चुन्याची बादली करुणानंच भरली आणि शिडीचं दुसरं टोक धरलं.

बाजाराचा दिवस होता. जनकाबाई शिडीवर चढली आणि लाल ओळीवर कुंचा फिरवला. जिपा थांबल्या. पुंजाजी धावत आला.

"माय, मग नाव उतरवावं लागंल!"

"उतरव की." ती खाली उतरली, शिडी त्याच्यापुढं सरकवली. "पण पेंटरला पाठवू नको. तूच चढ. ह्या सगळ्यांसमोर माझ्या लेकराचं नाव तुझ्या हातानं पूस."

पुंजाजीनं शिडीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. कोणीच त्याच्या मदतीला येईना. शेवटी त्यानं खिशातून तंबाखू काढली आणि मळत उभा राहिला.

"वसराम, रंग आण रे," जनकाबाईनं चहाच्या टपरीवर बसलेल्या पेंटरला हाक मारली.

वसराम डबा घेऊन आला. "काय लिहू?"

"सरावाच्या उड्डाणात शिकवताना."

"अन् शहीद?"

"ते ऱ्हाऊ दे. त्यात काय खोटं हाय?"

"उद्या कोणी हरकत घेतली म्हंजे?" पुंजाजी पुटपुटला.

"घेऊ दे. माझ्या तोंडावर घ्यावी म्हणावं."

वसराम चढला. खालून जनकाबाईनं शिडी घट्ट धरली.

"अक्षरं मोठी काढ," ती ओरडली. "चालत्या गाडीतून वाचता आली पाहिजेत."