शून्य टक्क्यांचे शालोमदादा

दीनाताईंचा शेलूहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. "शालोम गेला गं... सकाळी उठलाच नाय," एवढंच त्या बोलल्या. शालोमदादा, कडावमधले माझे तीस वर्षांचे शेजारी, चार दिवसांसाठी या बहिणीकडे गेले होते. रडू आलंच. पण खरं सांगते, रडतानाही एक समाधान होतं, की माणूस निर्धास्त गेला. गेल्या वर्षी गेले असते, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

दादा सुतार. बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, मराठीतच भांडणारे आमचे ज्यू. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारभर त्यांचा धर्माचा विसावा, तेव्हा ते रंध्याला हात लावत नसत. शुक्रवारी कुणाची खाट मोडली, तर तो रविवारपर्यंत जमिनीवर झोपे. पत्नी, एस्तेरवहिनी, गेल्यावर शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यातला तेलाचा दिवा ते स्वतः लावू लागले. साऱ्या गावाचं फर्निचर नीट करणाऱ्या या माणसाच्या घरचं टेबल मात्र एका पायानं आखूड. घरी मलिदा, म्हणजे त्यांच्यातला प्रार्थनेचा आणि प्रसादाचा विधी असला, की भिजवलेले पोहे, नारळ, साखर आणि फळं यांचं ताट त्याच टेबलावर यायचं, आणि ते डुगडुगू नये म्हणून प्रार्थना संपेपर्यंत मी त्याला गुडघा लावून बसायची. तो माझा ठरलेला मान.

दीनाताईंचा मुलगा परदेशातून आला तो आईला आणि मामाला लाळ तपासून पूर्वज कुठले ते सांगणारी दोन किटं घेऊनच. ताईंनी टाळाटाळ केली, दादांनी हौसेनं नमुना दिला. निकाल आला : ज्यू शून्य टक्के. छापील पानं घेऊन ते माझ्याकडे आले, कारण मी शाळेत विज्ञान शिकवलेलं. आणि मी शहाणी म्हणाले, "दादा, यंत्र कशाला खोटं बोलेल?" ते पानं गोळा करून घरी गेले. त्या शुक्रवारी दिवा लागला नाही, पुढच्याही नाही. शेवटी मीच गेले, तर पडवीत नुसते बसलेले. "मास्तरीण, मला एस्तेरच्या बाजूला ठेवतील ना गं? का म्हंतील, ह्यो आपला नाय?" ...माझी जीभ झडली का नाही, असं झालं मला.

मग आधीच करायला हवं होतं ते केलं. बारीक अक्षरातला मजकूर वाचला. कंपनी आपली लाळ तिच्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघते, आणि तिच्याकडचे ज्यू नमुने बहुतेक युरोपातल्या घरांचे. कोकणातल्यांचे जवळजवळ नाहीतच. दादांना पटेना. पटलं ते दीनाताईंमुळे. माझ्या तगाद्यानं त्यांनी अखेर किट वापरलं, आणि त्यांच्या पानावर पश्चिम आशियाचा, म्हणजे ज्यू मूळचे जिथले तिथला, थोडासा अंश निघाला. दादा बघतच राहिले. "आयबाप एकच, आन ही हाय, मी नाय?" मी सांगितलं, आईबापांकडून प्रत्येक लेकराला निम्मं निम्मं मिळतं, पण सगळ्यांना तेच निम्मं मिळत नाही. शेकडो वर्षांत कितीतरी पूर्वज असे गळतात. ते होते हे खरंच, चाचणीत दिसत नाहीत एवढंच. "आणि माझे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले. माझी लाळ तपासली, तर बौद्ध किती टक्के निघेल?" कित्येक आठवड्यांनी दादा मोठ्यानं हसले. "म्हंजे तू बी शून्य! टाक चहा." त्या शुक्रवारी दिवा लागला. मी माझ्या दारातून तो बघितला आणि जीव भांड्यात पडला.

दफनाला पनवेल-खोपोलीहून माणसं आली, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले. माझ्या मनात उगाच धाकधूक. पण कुणी कसला कागद विचारला नाही. दादांना एस्तेरवहिनींच्या शेजारीच ठेवलं.

महिन्यानं दीनाताईंनी दादांच्या घरी मलिदा केला. चाचणीच्या त्या प्रकरणानंतरचा हा पहिलाच. ताट टेबलावर आलं आणि सवयीनं मी गुडघा लावला. टेबल हललंच नाही. वाकून पाहिलं, तर आखूड पायाखाली कागदांची जाड घडी, कडा पटाशीनं पायाबरोबर साफ कापलेल्या. एका बाजूला त्या कंपनीचं निशाण अर्धं दिसत होतं. कधी केलं होतं कोण जाणे, मला बोलले नव्हते...

प्रार्थना सुरू झाली. मी गुडघा काढून घेतला.